वरळी नाका ते परळ, पायी

बीकेसीहून भुयारी मेट्रोत बसलं की सहावं स्टेशन आचार्य अत्रे चौक, म्हणजेच वरळी नाका. एवढ्या प्रवासात सांगण्यासारखं काहीच घडत नाही, यापेक्षा मोठी शाबासकी मुंबईतल्या गाडीला देता येत नाही. बांद्रा स्टेशनबाहेरची शेअर रिक्षाची रांग ज्यांनी सोसली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

खरी मुंबई जिना चढून वर आल्यावर लागते.

ही मेट्रो वरळीच्या अंगानं, ॲनी बेझंट रोडच्या बाजूनं जाते. गिरण्यांच्या जागेवरच्या कचेऱ्या मात्र पूर्वेला, सेनापती बापट मार्गालगत, पश्चिम रेल्वेच्या रुळांना खेटून आहेत. मधलं अंतर गणपतराव कदम मार्गानं पंधरा-वीस मिनिटांचं. रस्ता सपाट आहे, पण फूटपाथ सलग नाही: कुठे दुचाकी, कुठे उघडं चेंबर, कुठे टॉवरच्या फाटकाचा उतार. दर वेळी रस्त्यावर उतरायचं, पुन्हा चढायचं. 33.5 किलोमीटर मार्ग, 27 स्टेशनं, 37 हजार कोटींवर खर्च, आणि शेवटचा सव्वा किलोमीटर असा.

रस्ते इतके अरुंद का, याचं उत्तर जमिनीच्या हिशेबात आहे. 1982च्या संपानंतर गिरण्या बसल्या. 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58व्या नियमानं जमिनीचे ढोबळ तीन वाटे ठरवले: पालिकेला मोकळ्या जागेसाठी, म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला. 2001मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. समजा, गिरणी 15 एकरांची आणि त्यातल्या 12 एकरांवर शेड. आधीच्या हिशेबात पालिकेला 5 एकर मिळाले असते. नंतरच्या हिशेबात एक. 2006मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हा बदल उचलून धरला. पाच एकरांत मैदान बसतं, रस्ताही रुंद करता येतो. एका एकरात फार तर बाग आणि तिला कुलूप. टॉवर उभे राहिले, नोकऱ्या आल्या, पण माणसं उतरणार ती गिरणी कामगारांच्या काळातल्या स्टेशनांवरच.

याची किंमत प्रभादेवीला दिसते. तेव्हाचं एल्फिन्स्टन रोड. 29 सप्टेंबर 2017 रोजी सकाळी पावसात इथल्या पादचारी पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन 23 जण गेले. जिन्यावर माणसाचा वेग सपाटीच्या जेमतेम निम्मा. त्यामुळे पूल आणि जिना एकाच रुंदीचे असले तर गर्दी जिन्याच्या तोंडाशी तुंबणारच. त्यात खालून चढणारे समोर येतात, पावसात लोक आडोशाला थांबतात, आणि तेवढ्यात पुढची लोकल रिकामी होते. मागच्याला पुढचं दिसत नाही, तो रेटतो. नंतर लष्करानं बांधलेला पूल फेब्रुवारी 2018मध्ये खुला झाला. पुलांची संख्या सगळे मोजतात; मला विचाराल तर मोजायची ती जिन्याची रुंदी.

आता शेजारचा एल्फिन्स्टन उड्डाणपूलही सप्टेंबर 2025पासून बंद. त्याजागी शिवडी-वरळी जोडरस्त्याचा दुमजली पूल व्हायचा आहे, म्हणजे अटल सेतूवरून आलेली गाडी थेट वरळीला. काम गरजेचं आहे, वाद नाही. पण केईएम आणि टाटा रुग्णालयं पूर्वेला. पश्चिमेकडून टॅक्सीनं रुग्ण न्यायचा तर दादरचा टिळक पूल नाहीतर चिंचपोकळीचा पूल, आणि सकाळी दोन्हीकडे रांग; करी रोडचा पूल सकाळी पूर्वेकडून पश्चिमेला एकेरी असतो. तपासणीची वेळ दहाची असेल तर नऊला निघून भागत नाही. चालता येणाऱ्यानं प्रभादेवीला उतरून पादचारी पुलावरून परळला जावं, ते लवकर होतं. ज्याला चालता येत नाही त्याच्यासाठी माझ्याकडे सल्ला नाही.

वरळीच्या बीडीडी चाळींकडे वळलात तर 160 चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात मिळालेली 500 फुटांची घरं दिसतील. पहिल्या 556 घरांच्या चाव्या ऑगस्ट 2025मध्ये दिल्या गेल्या.

परतताना संध्याकाळी सहा ते आठ प्रभादेवीच्या वाटेला जाऊ नका. उलट वरळी नाक्याकडे चाला आणि मेट्रो धरा. ज्यांना सव्वा किलोमीटर नको वाटतो ते सगळे अजून लोअर परळच्या जिन्यावर आहेत.