उलट्या बाजूचा बँड

मंगळवारी सकाळी फॉस्फरइमेजरमधून (किरणोत्सर्गी खुणा वाचणारं मशीन) स्क्रीन स्कॅन झाली आणि कॉम्प्युटरवर जो ब्लॉट, म्हणजे आकाराप्रमाणे वेगळ्या केलेल्या आरएनएच्या पट्ट्यांचं चित्र, दिसला त्याबद्दल नीट लिहायचं म्हणून बसलेय. घरी सांगितलं तर आई म्हणाली "बरं झालं गं, चांगलं आलं ना", आणि विषय संपला, पण माझ्या डोक्यातून काही तो जात नाहीये.

मी पुण्यात यीस्टवर पीएचडी करतेय, पावात घालतात तेच यीस्ट. पेशीला एखादं जीन वापरायचं असेल तर आधी डीएनएवरून त्याची आरएनए कॉपी निघते, ते ट्रान्स्क्रिप्शन, आणि ते जिथून सुरू होतं तो प्रमोटर. आता बारावीपासून आपण प्रमोटरच्या पुढे एक वाकडा बाण काढत आलोय, एकाच दिशेला तोंड असलेला, आणि इतक्या वेळा काढलाय की दिशा डीएनएमध्येच पक्की लिहिलेली असणार असं आपण धरून चालतो. तसं नाहीये! २००८ मध्ये माणसाच्या आणि उंदराच्या पेशींमध्ये आणि २००९ मध्ये यीस्टमध्ये दिसलं की बऱ्याच प्रमोटरवरून पॉलिमरेज, म्हणजे आरएनए बनवणारं एन्झाइम, दोन्ही बाजूंना निघतं, एक जीनकडे आणि एक पाठीमागे. पाठीमागचे आरएनए बहुतेक वेळा एक्झोसोम नावाची यंत्रणा लगेच तोडून टाकते, त्यामुळे इतकी वर्षं ते कुणाला फारसे दिसलेच नव्हते.

मग प्रश्न असा की जिथून पाठीमागे काहीच निघत नाही तिथे ते कोण अडवतंय.

यीस्टमध्ये रॅप१ नावाचं प्रोटीन आहे. रायबोझोमची प्रोटीन्स बनवणारी १३७ जीन्स आहेत यीस्टमध्ये आणि त्यातल्या बहुतेकांच्या प्रमोटरवर हे बसलेलं असतं. ही जीन्स भयंकर जोरात चालतात, वेगाने वाढणाऱ्या पेशीत पॉलिमरेज २ चं (प्रोटीन बनवणाऱ्या जीन्सची कॉपी काढणारं पॉलिमरेज) जवळपास निम्मं काम याच जीन्सवर होतं असा अंदाज आहे. म्हणजे प्रमोटर कायम उघडा, यंत्रणा कायम हजर, आणि तरी उलट्या बाजूला शांतता. २०१८ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या ग्रुपने दाखवलं की रॅप१ काढून घेतलं की यातल्या बऱ्याच प्रमोटरवरून उलट्या दिशेचं ट्रान्स्क्रिप्शन चालू होतं. मला पुढे जे काम करायचंय त्याचा पायाच हा, म्हणून आधी आमच्या हातून आमच्या स्ट्रेनमध्ये ते दिसायला हवं होतं.

रॅप१ चं जीन सरळ उडवता येत नाही, पेशी मरते. म्हणून डेग्रॉन वापरला, २००९ मध्ये जपानमधून आलेली युक्ती आहे ही आणि मला मनापासून आवडते. ऑक्झिन हे झाडांचं हार्मोन, यीस्टला त्याचं काही देणंघेणं नाही, पण तांदळाचं टीआयआर१ हे जीन यीस्टमध्ये घातलं आणि रॅप१ ला एक छोटा टॅग लावला की ऑक्झिन टाकल्यावर पेशी स्वतःच ते प्रोटीन मोडून टाकते. शून्य, तीस, साठ आणि एकशेवीस मिनिटांना सॅम्पल घेतली, वेस्टर्नमध्ये (प्रोटीन किती आहे ते दाखवणारी चाचणी) तीस मिनिटांनाच रॅप१ जवळजवळ गायब. मग गरम फिनॉलने आरएनए काढला, जेलवर तो आकाराप्रमाणे वेगळा केला, मेम्ब्रेनवर उतरवला आणि पी-३२ या किरणोत्सर्गी फॉस्फरसचा प्रोब लावला, म्हणजे हव्या त्या आरएनएला जुळून चिकटणारा तुकडा. पी-३२ सव्वाचौदा दिवसांत निम्मं होतं, त्यामुळे माल आला की बाकी सगळी कामं बाजूला ठेवावी लागतात.

इथे प्रोबचं महत्त्व खूप आहे. दोन्ही धागे असलेला डीएनए प्रोब वापरला तर आरएनए कुठल्या दिशेचा ते कळतच नाही, दोन्हीला चिकटतो तो. म्हणून टी७ या एन्झाइमने एकाच धाग्याचा आरएनए प्रोब बनवला, जो फक्त उलट्या बाजूच्या आरएनएलाच चिकटेल, आणि जागा निवडली आरपीएल४३बी या जीनच्या प्रमोटरच्या मागची.

तर मंगळवारी स्क्रीनवर शून्य मिनिटांच्या लेनमध्ये (एका सॅम्पलचा उभा रकाना) अगदी पुसट सावली (टॅग लावला की रॅप१ थोडंसं कमी होतंच), तीसला बँड, साठला गडद, एकशेवीसला काळाकुट्ट. मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. ट्रेनिंगला आलेली एमएस्सीची मुलगी शेजारी होती, तिने लगेच विचारलं, "ताई, पण हा डीएनए नसेल कशावरून?" प्रश्न एकदम बरोबर होता. डीएनए राहिला असता तर तो वर, वेलच्या (जेलमध्ये सॅम्पल घालायच्या खाचेच्या) जवळ अडकला असता, असा एका साइजचा नेमका बँड आला नसता, आणि वेळेप्रमाणे वाढलाही नसता. माझ्या गाईड मॅडम आल्या, त्यांनी आधी बँडकडे पाहिलंच नाही, शेवटच्या दोन लेन बघितल्या. तो टॅग नसलेला स्ट्रेन, त्यालाही ऑक्झिन दिलं होतं. दोन्ही लेन कोऱ्या. म्हणजे हे ऑक्झिनमुळे नाही, रॅप१ गेल्यामुळेच. मग खालचा एससीआर१ चा बँड (सगळ्या लेनमध्ये आरएनए सारखाच घातलाय ना हे तपासायला) सगळीकडे सारखा आहे हे बघून घेतलं आणि म्हणाल्या, "आता खरं मानू या."

दुपारी तोच ब्लॉट धुऊन सरळ दिशेचा प्रोब लावला, बुधवारी आरपीएल४३बी चा मेसेज (जीनचा सरळ दिशेचा आरएनए) कमी होताना दिसला. एकच प्रोटीन जाताच पुढची दिशा मंदावते आणि मागची सुरू होते! पण याचा अर्थ पॉलिमरेज इकडून निघून तिकडे वळलं असा काढायचा मोह होतो, तो चुकीचा आहे. लंडनच्या कामातच दिसलं होतं की ही दोन कामं वेगवेगळी आहेत, मागची बाजू बंद ठेवणं हे पुढची चालवण्यावर अवलंबून नाही. रॅप१ जिथे बसतं त्याला लागूनच एक छुपा प्रमोटर असतो आणि रॅप१ जागेवर असेपर्यंत यंत्रणेला तिथे शिरता येत नाही, दारात कुणी आडवं बसलं की आत जाता येत नाही तसं. ते उठलं की आरएससी नावाचं कॉम्प्लेक्स, जे डीएनएवरचे न्यूक्लिओझोम (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ते प्रोटीनचे गोळे) सरकवतं, त्याच्या मदतीने छुपा प्रमोटर जागा होतो.

मला आरपीएल४३बी च का हवं होतं, तर त्याच्या पाठीमागे काही अंतरावर आयएमई१ आहे. उपासमार झाली की यीस्ट मायोसिस करून स्पोर बनवतं, तो निर्णय घेणारं मुख्य जीन हेच. उलट निघालेला आरएनए नेमका त्याच्याच प्रमोटरच्या दिशेने चालतो, त्याला आयआरटी२ म्हणतात. यीस्टचा जीनोम सगळा मिळून साधारण सव्वा कोटी बेस, त्यात सहा हजार जीन्स दाटीवाटीने, एकाची मागची बाजू म्हणजे दुसऱ्याचं अंगण. त्यामुळे दिशा सांभाळणं हे शेजारच्या जीनसाठीही तितकंच महत्त्वाचं आहे, आणि मला वाटतं पुस्तकातल्या त्या बाणाशेजारी तो धरून ठेवणारं प्रोटीनही काढायला पाहिजे.

पुढचं ठरलंय. पेशींना स्पोर बनवायच्या मीडियात टाकायचं, रॅप१ अर्धवटच कमी करायचं, आणि आयआरटी२ वाढलं की आयएमई१ चं काय होतं ते बघायचं. ऑक्झिनचे वेगवेगळे डोस लावून रॅप१ किती उरतं याची वेस्टर्न सोमवारपासून सुरू करतेय, कुणी डेग्रॉनवर अर्धवट डिप्लीशन केलं असेल तर ऑक्झिन किती वापरलं ते कमेंटमध्ये नक्की सांगा.