सर्पपक्षी दिसला तर नाव लांबच थांबवा

उजनी धरणाच्या काठी भिगवणला येणाऱ्या बहुतेकांना रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायचे असतात. मी इंदापूरची, उजनीचं पाणी आमच्या दारातलंच. त्यामुळे हिवाळा लागला की ओळखीपाळखीचे लोक माझ्याकडे उतरतात आणि मीही त्यांच्याबरोबर कुंभारगावच्या नावेत बसते. वाटेत पाण्यात उभ्या वाळक्या झाडांवर काळे पक्षी पंख पसरून बसलेले असतात. ‘पाणकावळे दिसतायत’ म्हणून सगळे पुढे बघायला लागतात, तेव्हा माझा जीव हळहळतो. त्या गर्दीत सर्पपक्षीही असतो!

आधी चोच बघा. पाणकावळ्याच्या चोचीला टोकाशी आकडी असते. सर्पपक्ष्याची चोच सरळ, दाभणासारखी. मान बारीक, तपकिरी, कडेने पांढरी रेघ. पाठीवर चंदेरी रेघोट्या. लांबी ९० सेंटिमीटरच्या आसपास, लहान पाणकावळा या जातीचा पक्षी ५०चा. पोहताना अंग पाण्याखाली आणि वर नुसती मान दिसली, तर शंकाच नको.

पाणकावळा मासा चोचीत धरतो, सर्पपक्षी भोसकतो. मानेतला आठवा मणका लांब असतो आणि तिथे मान दुमडलेली राहते. मासा टप्प्यात आला की ती झटक्यात सरळ होते आणि चोच माशाच्या कुशीत शिरते. पण चोचीत रुतलेला मासा खायचा कसा? वर येऊन तो डोकं झटकतो, मासा हवेत उडवतो आणि डोक्याकडून झेलतो. चिलापी माशाच्या पाठीवर काटे असतात. शेपटीकडून गिळली तर ते घशात उभे राहतील. डोक्याकडून गेली की काटे मिटतात. मग मानेतून खाली सरकणारा फुगवटा दुर्बिणीशिवायही दिसतो.

त्याची पिसं पाण्याने भिजतात, हा काही त्याचा दोष नव्हे. भिजल्यामुळेच अंग वर उसळत नाही आणि पाण्याखाली सावकाश, माशाला चाहूल न लागू देता फिरता येतं. बाहेर आल्यावर मात्र अंग गार पडलेलं असतं. म्हणून उन्हात पंख उघडून बसणं ही त्याची गरज आहे. अशा वेळी फोटोसाठी नाव थेट झाडाखाली नेऊन त्याला ओल्या पंखांनी उडायला लावणं मला सहन होत नाही. निघतानाच नावाड्याला सांगून ठेवा. आमचे नावाडी समजूतदार आहेत, नाव लांबूनच घेतात.