माऊली, इथे चोळू नका

निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निघते. मी नाशिकची, पेशाने फिजिओथेरपिस्ट. सुट्टी पुरते तेवढं, म्हणजे सिन्नरजवळच्या दातलीच्या रिंगणापर्यंत चालते आणि मागे फिरते. पुढे नगर, कर्जत, करमाळा करत पंढरपूर गाठणारे ते खरे वारकरी. भक्तीबद्दल मी बोलणं शोभणार नाही. पायांबद्दल मात्र बोलू शकते.

मुक्काम पडला की पाय दाबायची सेवा सुरू होते. गावातली पोरं तेलाच्या बाटल्या घेऊन बसतात, वयाने दुप्पट असलेल्यांचे पाय मांडीवर घेतात. बघून बरं वाटतं. पोटरीला, मांडीला हे चोळणं मानवतंही. दिवसभर आखडलेला स्नायू सैल पडतो. घोट्याभोवतीची गोष्ट वेगळी. तिथे बहुतेक वेळा दुखतं ते टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा चिवट पट्टा. त्याला रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे तो भरून यायलाही वेळ घेतो. सुजलेल्या टेंडनवर अंगठा रगडला की दुसऱ्या दिवशी पाय जास्त ठणकतो. म्हणून मी सेवेकऱ्यांच्या शेजारी बसते आणि "माऊली, इथे चोळू नका" म्हणत राहते. सेवेत खोडा घालणारी बाई कोणाला आवडणार? पण चालायचंच.

पळशाच्या मुक्कामाला एक आजी आल्या. पायात नातवाचे स्पोर्ट्स शूज, लेस वरच्या भोकापर्यंत करकचून बांधलेली. दुखणं नडगीच्या खालच्या टोकाला, घोट्याच्या जरा वर. त्या जागी बोटं ठेवली आणि म्हटलं, "आजी, पंजा वर-खाली करा." बोटांखाली कोरडी करकर लागली, चुरमुऱ्याची पिशवी दाबावी तशी. टेंडनभोवतीचं आवरण सुजलं की असं होतं. त्र्यंबकहून नाशिककडे रस्ता उतरता आहे. उतारावर पाऊल आपटू नये म्हणून नडगीपुढचा स्नायू दर पावलाला पंजा धरून हळूहळू खाली सोडतो. त्यात वरून लेसचा काच.

वरची दोन भोकं मोकळी केली, सोड्याच्या गाडीवरून बर्फ आणून फडक्यात गुंडाळून लावला. इथवर आजी खूश होत्या. "उद्या निम्मी वाट सामानाच्या ट्रकमधून" म्हटल्यावर बिनसलं.

"ट्रकात बसून कधी वारी होते का गं?"

टेंडनच्या दुखण्यावर पहिला उपाय म्हणजे त्याच्यावरचा भार कमी करणं. पण वारकऱ्याला तेच एक औषध देता येत नाही. शेवटी विणेकरी काकांनी तोडगा काढला: मोहदरी घाट संपेपर्यंत ट्रक, पुढे चालणं, आणि ट्रकात हरिपाठ म्हणायचा. आजी घाटभर मोठ्याने म्हणत गेल्या म्हणे.

चपलांचंही सांगायला हवं. सैल चप्पल निसटू नये म्हणून बोटं सतत आवळली जातात. बोटं आवळणारी टेंडनं आतल्या घोट्यामागून तळव्यात उतरतात, तीही थकतात. त्यांच्याच शेजारचं एक टेंडन पायाची कमान उचलून धरतं. ते ढिलं पडलं की कमान बसते आणि मागून पाहिलं तर घोट्याच्या बाहेरच्या बाजूला नेहमीपेक्षा जास्त बोटं दिसतात. पन्नाशीपुढच्या बायकांत हे जास्त आढळतं. "वयामुळे पाय पसरला" म्हणून त्या सोडून देतात. बाहेरच्या घोट्याचा जाच वेगळा. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे कडेकडचं पाऊल दिवसभर बाहेर कलतं. त्यात पावसाने साइडपट्टी निसरडी झाली की मुरगळलंच. मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावरच दाबून दुखत असेल तर लेप-बिप नंतर, आधी एक्स-रे.

दातलीला रिंगण झालं. अश्व धावून गेले, लोक टापांखालची माती कपाळी लावायला पळाले, मग पावली सुरू झाली. चाळिशीचे एक काका उडी घ्यायला गेले आणि थांबून मागे वळून बघायला लागले, लाथ कोणी मारली म्हणून. मागे कोणीच नव्हतं. वर्षभर बैठं काम, आणि एकदम जोर. टाचेमागचं जाड टेंडन, अकिलीस, बहुधा असंच जातं.

"तुटलं असतं तर चालता आलं असतं का ताई?" ते लंगडत म्हणाले. चालता येतं. पंजा थोडा खालीही दाबता येतो, कारण शेजारची टेंडनं हातभार लावतात. म्हणूनच हे लक्षात यायचं राहून जातं. त्यांना पालथं झोपवलं, पाय सतरंजीच्या कडेबाहेर एका वळकटीवर. चांगल्या पायाची पोटरी दाबली, पंजा हलला. दुसरी दाबली, पंजा जागचा हलला नाही. टाचेच्या वर चार बोटांवर खळगा लागत होता. एक सेवेकरी पोरगा तेलाची बाटली घेऊन धावत आला. त्याला थांबवलं आणि १०८ ला फोन लावला.

गाडी येईपर्यंत काकांनी गळ्यातले टाळ काढले नाहीत. ऑपरेशन करावं लागेल का, विचारत होते. ते ऑर्थोपेडिक डॉक्टर ठरवतील, म्हटलं. कधी शस्त्रक्रिया करतात, कधी पंजा खाली वळवून प्लास्टर किंवा बूट घालतात.

"आणि पुढची वारी?"

"चालायला त्याआधीच लागाल. पावलीचं मात्र पुढच्या ज्येष्ठात पाय बघून ठरवू."

"रिंगणात नुसता उभा राहीन," ते म्हणाले. त्यांच्या शेजारचे दोघे टाळकरी हसले.