हवेऐवजी स्प्रिंग: चाक मोडतं कुठे?

टायरमध्ये हवेऐवजी स्प्रिंगा बसवलेलं २ मीटर घेराचं चाक किलोमीटरला ५०० फेरे घेतं. दर फेऱ्याला प्रत्येक स्प्रिंग एकदा दबते. २०,००० किलोमीटरमध्ये १ कोटी वेळा. म्हणून वजन पेलतंय एवढ्यावर खूश होऊ नका, तार थकून कधी तुटेल ते आधी काढा. ताणाची (ओढली जाणारी) स्प्रिंग बहुधा टोकाच्या हुकाच्या वळणातच तुटते, दाबाची (दाबली जाणारी) बरी.

पण नुसत्या आऱ्यांसारख्या बसवलेल्या स्प्रिंगा वळणावर आडव्या झुकतात, ब्रेक लागला की तिरक्या होतात. तो जोर घ्यायला वेगळे दांडे हवेतच. हेच हमखास राहून जातं. वेटोळ्यांत चिखल वाळला की स्प्रिंग दबतच नाही.

१९७१च्या चांद्रगाडीला जस्त चढवलेल्या पोलादी तारेच्या जाळीची चाकं होती. आत टायटॅनियमची कडी, जाळी मर्यादेपलीकडे दबू नये म्हणून. अशी कडी प्रत्येक स्प्रिंगच्या चाकात घालाच.