दादा, मी मुद्दाम हळू नव्हतो

लासलगावहून ट्रकमध्ये कांदा भरून काल रात्री मुंबईकडे निघालो. कसारा घाट उतरताना मागच्या कारवाल्याचा हॉर्न थांबेना. शेवटी शिवी देऊनच पुढे गेला. त्याला वाटलं, मी मुद्दाम अडवतोय. दादा, भरलेली गाडी उतारावर खालच्या गिअरमध्येच धरावी लागते. नुसत्या ब्रेकवर उतरलं तर लायनर तापतात, मग पाय दाबूनही गाडी थांबत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे अजून आहेत, त्यांची मला खरंच भीती वाटते.

आणि ड्रायव्हर म्हणजे पिणाराच, असं का? अकरा वर्षांत गाडीवर असताना थेंब घेतलेला नाही.

कायद्यात १९६१ पासून ड्रायव्हरच्या कामाचे दिवसाला ८ तास लिहिलेत. या खेपेत माझे १४ झाले, त्यातले ५ नुसते माल खाली व्हायची वाट बघण्यात.

सकाळी घरी फोन केला. पोरगी म्हणाली, "पप्पा, हळूच या."