तुम्ही विचारलंत म्हणून: बीगल घ्यावा का?

"बीगल कुत्रा लवकर शिकतो का हो? म्हणजे घरात शी-शू वगैरे?" लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, एकदा तर लग्नात हातात अक्षता असताना मला हे विचारलंय. विचारणाऱ्याला 'हो' किंवा 'नाही' हवं असतं. फार तर 'मग कुठला घेऊ?' याचं उत्तर म्हणून एका जातीचं नाव.

माझ्याकडे उत्तर तयार असायचं. घरात दोन कुत्री. गुंडू हा बीगल, आणि चिंगी ही कोपऱ्यावरच्या बंद रिक्षाखाली जन्मलेली. गुंडूला अकरा महिने लागले, चिंगीला नऊ दिवस. "बीगल घेऊच नका, सरळ गावठी आणा," असं मी किती जणांना सांगितलं असेल, देव जाणे. ऑफिसातल्या एकीने माझं ऐकून बीगलऐवजी लॅब्रॅडॉर आणला. त्यानेही सहा महिने तिचा हॉल सोडला नाही, आणि ती आजही माझ्याशी जरा तुटकच बोलते.

आकडे खोटे नाहीत, हे आधीच सांगते. आणि जातीत काहीच नसतं असंही मी म्हणणार नाही. बीगल इंग्लंडमध्ये सशांच्या शिकारीसाठी तयार झाला. कळपात राहायचं, एकत्र बांधलेल्या कोठ्यात झोपायचं, नाक जमिनीला लावून मैलोनमैल धावायचं. घराची फरशी कोरडी ठेवणारा बीगल निवडायची कुणाला गरजच पडली नाही. खाली नेलं की त्याच्या नाकाला इतकी कामं सापडतात की ज्या कामाला आलो ते राहूनच जातं, आणि घरात शिरल्यावर त्याला ते आठवतं. पण मठ्ठ म्हणाल तर तेही नाही. अमेरिकेच्या विमानतळांवर १९८४पासून बीगल सामान हुंगतायत. तुमच्या बहिणीने बॅगेच्या तळाशी कपड्यांत गुंडाळून नेलेला हापूस शोधणारा तो हाच.

छोट्या जातींचं दुखणं वेगळं. पग, शिह त्झू, पॉमेरियन यांची मूत्राशयं लहान, त्यामुळे फेऱ्या जास्त. त्यात त्यांचं थारोळं एवढंसं की सोफ्याखाली दिसतही नाही, आणि दिसलं तरी माणूस "असू दे, चमचाभर तर आहे" म्हणतो. ग्रेट डेनच्या बाबतीत असं म्हणायची सोय नसते. आणि मराठवाड्यात शेतावर कारवान जातीचा शिकारी कुत्रा पाळणाऱ्याला हा प्रश्न विचारून बघा. तो आधी तुमच्याकडे बघेल, मग शेताकडे.

म्हणजे जात आहे. पण माझ्या अकरा महिन्यांत ती किती होती?

गुंडू आला जून २०१७मध्ये. ब्रीडर म्हणाला, दोन महिन्यांचा आहे. डॉक्टरांनी दात बघून सांगितलं, जेमतेम सहा आठवडे. ब्रीडरच्या गाळ्यात जाळीचे पिंजरे होते आणि खाली टाईल्स. पिल्लं पहिले सुमारे तीन आठवडे स्वतःहून शूसुद्धा करत नाहीत, आई चाटते तेव्हा होते. मग पाय फुटले की ती झोपायच्या जागेपासून आपली आपण लांब जायला लागतात. स्वच्छतेचा पहिला धडा तोच, आणि तो फुकट मिळतो. गुंडूला लांब जायला जागाच नव्हती. पायाखाली जे लागायचं, म्हणजे गुळगुळीत फरशी, तीच त्याच्या लेखी संडास. त्याला मी आणला कुठे, तर चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, जिथे ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गुळगुळीत फरशी आहे. वर लसी पूर्ण होईपर्यंत, पार्व्हो या जीवघेण्या आजाराच्या भीतीने, खाली उतरवायचा नाही. तोवर ऑगस्ट संपला. ओल्या गवतावर पहिल्यांदा ठेवला तेव्हा त्याने एक पंजा उचलून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला निखाऱ्यावर उभं केलंय.

चिंगी ऑगस्ट २०२०मध्ये आली. साडेतीन महिन्यांची, माती-गवत सगळं आधीच बघितलेली. आणि घरात आम्ही चौघं दिवसभर, कारण ऑफिस, शाळा, सगळं घरूनच. ती उठली की कुणीतरी उठायचं. तिने खाल्लं की वीस मिनिटांत कुणीतरी चपला घालायचं. गुंडूच्या वेळी मी सकाळी साडेआठला बाहेर पडत होते, परत यायला सहा. महिन्याला एक तास आणि वर एक, एवढाच वेळ पिल्लू धरून ठेवू शकतं असा ढोबळ हिशेब आहे. तो मला तेव्हाही माहीत होता. कामाच्या ताई दुपारी एकदा बघून जातात ना, असं मी स्वतःला सांगायचे.

तर हे सगळं मी लोकांना सांगत नव्हते. आणि आणखी एक गोष्ट सांगत नव्हते.

डिसेंबर २०१७. सासऱ्यांचं वर्षश्राद्ध. गुंडू आठ महिन्यांचा. सासूबाई पहाटेपासून सोवळ्यात. गुंडूला बेडरूममध्ये कोंडलं होतं, पण भाच्याने चार्जर शोधायला दार उघडलं. मी वड्यांच्या पिठात कोपरापर्यंत होते. स्वयंपाकघराच्या दारातून तो दिसला. नाक फरशीला, एक गोल, दुसरा गोल. गोल फिरणं म्हणजे काय हे मला पक्कं माहीत होतं. मी ओरडेपर्यंत त्याने मांडलेल्या पाटाच्या कडेला, दोन बोटं अलीकडे, कार्यभाग उरकला होता. नेमका तिथेच, कारण दोन महिन्यांपूर्वी तो तिथेच बसला होता आणि मी ते फिनेलने पुसलं होतं. फिनेलचा वास आपल्या नाकासाठी. त्याच्या नाकाला खालचा वास तसाच येत होता.

मी पिठाच्या हातांनी त्याचा पट्टा धरला, गॅलरीत ओढत नेला आणि मारला. रद्दीतला पेपर गुंडाळून मारला असं मी नंतर नवऱ्याला सांगितलं. पेपर नव्हता. दोन फटक्यांत तो पोटावर सपाट झाला, कान मागे, आणि पुन्हा शू केली. माझ्या पायावर. मला वाटलं, मुद्दाम करतोय. म्हणून आणखी मारलं. त्याने आणखी केली. घाबरलेलं पिल्लू शरण येताना असं करतं, रागावलात तर जास्त करतं, हे डॉक्टरांनी पुढे दोन महिन्यांनी सांगितलं. त्या दिवशी मला फक्त एवढंच दिसत होतं की आत माणसं बसलीत, सासूबाई काहीच बोलत नाहीयेत, आणि हा हरामखोर थांबत नाहीये.

आतून गुरुजींचा आवाज आला. "वहिनी, श्वानबलीही काढायचाच असतो आज. पुसून घ्या, मी थांबतो."

मी पुसलं. पुढे सगळं रीतसर झालं. गायीचा, कावळ्याचा घास निघाला तसा कुत्र्याचाही निघाला, आणि सासूबाई म्हणाल्या, "घरातलाच आहे, त्यालाच घाल." भात, वडा, खिरीचा ठिपका. मी पान गॅलरीत ठेवलं. मोजे खाणारा, साबण खाणारा हा कुत्रा पानापासून तीन फुटांवर बसून राहिला आणि माझ्या पायांकडे बघत राहिला. मी आत आले. पाच मिनिटांनी पान चाटूनपुसून साफ.

त्यानंतर गुंडू माझ्यासमोर शू करेना. घरातही नाही, खालीही नाही. पाऊण पाऊण तास मी त्याला फिरवायची, तो पोट आवळून चालायचा. वर आलो, मी चपला काढायला वाकले की वॉशिंग मशीनच्या मागे. तो शिकला होता, आणि चोख शिकला होता. फक्त मला शिकवायचं होतं ते नाही. "ही बाई बघत असताना करायची नाही," एवढंच त्याच्या पदरात पडलं. पुढचे पाच महिने ते उलटं फिरवण्यात गेले. लांब पट्टा, एन्झाइमवालं क्लीनर, रोज तेच झाड, आणि झाल्याबरोबर तिथल्या तिथे चिकनचा तुकडा. आता बोला, अकरा महिन्यांतले हे पाच बीगलच्या नावावर मांडायचे की माझ्या?

१९८५ साली अमेरिकेत बेंजामिन आणि लिनेट हार्ट यांनी पशुवैद्यांना आणि आज्ञापालन स्पर्धांच्या परीक्षकांना विचारून ५६ जातींची १३ गुणांवर तुलना केली होती. भुंकणं, उतावळेपणा, पोरांवर गुरकावणं यांत जातीजातींत चांगलाच फरक निघाला. सर्वात कमी फरक ज्या गुणात निघाला तो हाच, घरात घाण न करायला शिकणं. हे वाचल्यावर मी आठवडाभर कुणालाच सल्ला दिला नाही. मग पुन्हा वाटलं, परीक्षकांनी माझा गुंडू पावसात बघितलेला नाही. जुलैत चिंगी छत्रीबाहेर जाऊन मोकळी होते, आणि हा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बूड टेकून बसतो. तिथे मी कुणाला मारलं नव्हतं. ते कुणाचं?

तर आता कुणी विचारलं की मी उलट विचारते, दिवसा घरी कोण असतं? पिल्लू कुठून आणताय, त्याची आई बघितलीत का? लोकांना हे आवडत नाही. मागच्या महिन्यात बी विंगमधले काका म्हणाले, "तुम्ही फक्त जात सांगा हो." सांगितली नाही. त्यांनी शिह त्झू आणला.

गुंडू आता आठ वर्षांचा आहे. घर कोरडं असतं. रात्री साडेदहाला दोघांना खाली नेते. चिंगी कुठेही, कुणासमोरही. गुंडूला झाडापाशी नेलं की मी पट्टा सैल सोडते आणि कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहते. परवा नवीन वॉचमनने विचारलं, "मॅडम, रोज भिंतीत काय बघता?"

काही नाही, म्हटलं. मागे आवाज येईपर्यंत वळले नाही.