कडुलिंबाच्या फळ्यांना पोट सुटलं: शेतावरच्या लाकडी खोलीचा सातवा महिना

एप्रिलमध्ये सांगाडा उभा राहिला, मे महिन्यात भिंतीच्या फळ्या लागल्या आणि "आता फक्त तेल लावायचं राहिलं" असं मागच्या नोंदीत लिहून मी मोकळा झालो. ते वाक्य मागे घेतो. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात शेतावर गेलो तर पश्चिमेच्या भिंतीतल्या तीन फळ्या पोट सुटल्यासारख्या बाहेर आलेल्या, दोन स्क्रूंची डोकी तुटून खाली पडलेली, आणि दार खांद्याने ढकलूनही उघडेना.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. अमळनेर तालुक्यात आमच्या शेतावर १० बाय १४ फुटांची सुतारकामाची खोली बांधतोय, एकही उभं झाड न तोडता. सांगाड्याचा साग काकांच्या पाडलेल्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरातला. भिंतींच्या फळ्या वादळात उन्मळलेल्या बांधावरच्या लिंबाच्या. सांध्यांतल्या खुंट्या बाभळीच्या. छत सध्या पत्र्याचं, त्याबद्दल कुणी टोमणा मारू नये.

तर भिंत का फुगली? चूक सर्वस्वी माझी. मे महिन्यात आपल्याकडची हवा म्हणजे भट्टी. पिनांचा ओलावा-मीटर लिंबाच्या फळीवर ७ टक्के दाखवत होता आणि मी खूश, की लाकूड काय मस्त वाळलंय! वाळलं होतंच, पण जरुरीपेक्षा जास्त. ऑगस्टमध्ये त्याच फळीवर १५ टक्के. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. माझी ९ इंची फळी सुमारे ४ मिलिमीटर रुंदावली. एका फळीचे ४ मिलिमीटर कुणाला दिसणार नाहीत, पण भिंतीत अशा १२ फळ्या एकमेकींना चिकटवून, दोन्ही कडांना स्क्रू मारून बसवल्या होत्या. म्हणजे जवळपास दोन इंच जागा हवी होती आणि मी एक सूतही सोडली नव्हती. मग फळ्यांनी बाहेर वाट काढली.

आमचे सुतार आबा बघायला आले. भिंतीकडे पाहिलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, "तुले सांगेल व्हतं ना मी?" सांगितलं होतं, खरंय. मी मीटरवर विश्वास ठेवला.

आता सगळ्या फळ्या काढून कडांना निम्म्या जाडीची खाच मारतोय, म्हणजे एक फळी दुसरीवर चढते आणि फट पडली तरी आरपार उजेड दिसत नाही. स्क्रू एकाच कडेला, दुसरी कड मोकळी. फट किती सोडायची ते महिन्यावर ठरतं. आता ऑक्टोबरअखेर मीटर ११-१२ दाखवतोय, म्हणून ३ मिलिमीटर सोडतोय. मे महिन्यात काम करणाऱ्याने ५ सोडावी.

लिंबाच्या वाळवणीबद्दल दोघांनी विचारलं होतं. इंचाला एक वर्ष हा हिशेब थंड मुलखातला. खानदेशात अडचण उलटी, लाकूड फार लवकर वाळतं आणि टोकांकडून तडकतं. माझी पहिली थप्पी उन्हात होती, तिच्यातल्या सहा फळ्या टोकाकडून वीतभर फाटल्या. दुसरी थप्पी गोठ्याच्या सावलीत लावली, प्रत्येक थरात इंचभर जाडीच्या पट्ट्या घातल्या आणि टोकांना उरलेला ऑइलपेंट चोपडला. नमुन्याचा एक तुकडा दर रविवारी किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवायचो. ४.२ किलोवरून २.९ किलोवर आला आणि तिथे थांबला. वजन उतरायचं थांबलं की फळी हवेशी जुळली असं समजायचं. कोणत्या महिन्यातल्या हवेशी, तेवढं मात्र मी विसरलो.

जुन्या सागाचं काम सर्वांत समाधानाचं झालं. धाब्याचं घर पाडताना वरची पांढरी माती काढली तेव्हा खालून १४ कड्या, म्हणजे छताच्या आडव्या तुळया निघाल्या, ४ बाय ४ इंची, ९ फूट लांब. शिवाय ६ बाय ६ चे चार खांब, ८ फुटांचे. एकूण २२ घनफूट. चुलीच्या धुराने वरून काळेकुट्ट, पण रंध्याचा पहिला हात फिरला की आतून तोच पिवळसर तपकिरी रंग आणि तोच तेलकट वास. एका खांबाच्या कडेला पांढरं लाकूड राहिलेलं होतं, तेवढंच उधईने (वाळवीने) खाल्लं होतं. गाभ्याला तिने तोंड लावलं नव्हतं. एक सल्ला: चिरायला नेण्याआधी लोहचुंबक फिरवा. मी फिरवला तरी एक जुना खिळा आत राहिला, मिलचं पातं गेलं आणि त्याचे पैसे भरावे लागले.

त्या २२ घनफुटांचा हिशेब एका रात्री मांडून बघितला. अंदाजे ३६० किलो सुकं लाकूड. त्यात निम्मा कार्बन, म्हणजे १८०. त्याला ४४ भागिले १२ ने गुणलं की सुमारे ६६० किलो कार्बन डायऑक्साइड, जो त्या झाडांनी कधीकाळी हवेतून ओढून घेतला आणि अजून काकांच्या कड्यांमध्ये बसून आहे. ते लाकूड बंबात गेलं असतं तर एका हिवाळ्यात सगळा परत हवेत. घर पाडलं की निम्मं लाकूड बंबातच जातं, गावात दर वर्षी बघतोय. जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी ७-८ टक्के एकटं सिमेंट सोडतं, हे ठाऊक असूनही आपण कडी जाळतो आणि स्लॅब ओततो.

पण झाडाचं लाकूड म्हणजे आपोआप पुण्य, असं मी मानत नाही. अर्ध्या भावात साग देतो म्हणून एकाने फोन केला होता, माल रात्रीच पोचवणार म्हणे. सातपुड्यातून चोरून आलेल्या तुळईने काय वाचणार? मालकीच्या सागालाही तोडीची परवानगी आणि वाहतुकीचा पास लागतो. जुन्या कड्या आणताना मीदेखील ग्रामपंचायतीचा दाखला खिशात ठेवला होता. बांबूचं सोपं आहे: २०१७ मधल्या दुरुस्तीने वनाबाहेर वाढलेला बांबू भारतीय वन कायद्यातल्या 'झाडा'च्या व्याख्येतून निघाला.

काळ्या मातीत लाकडी सांगाड्याचा फायदा या पावसाळ्यात कळला. आमच्या रानात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसात जमीन फुगते. खांब जमिनीत न गाडता तळखड्यांवर, म्हणजे खाली ठेवलेल्या दगडांवर उभे आहेत. ईशान्येचा खांब ६ मिलिमीटर वर उचलला गेला, ओळंब्यात लगेच दिसलं. भिंत विटांची असती तर कोपऱ्यापासून तिरकी चीर गेली असती. इथे कुसू (सांध्याच्या खाचेत बसणारं लाकडाचं टोक) थोडा हलला, मी पाचर सैल केली, जॅक लावून तळखड्याखालचा मुरूम खरवडला आणि पाचर पुन्हा ठोकली. दीड तासाचं काम. बाभळीच्या खुंट्यांपैकी एकही निसटली नाही. आजोबांच्या पद्धतीने ओंडका चार महिने विहिरीत बुडवून ठेवला होता, म्हणजे भुंग्याला आवडणारा रस निघून जातो, आणि मग वाळवून खुंट्या तासल्या. खांबापेक्षा कोरडी खुंटी ठोकली की ती आत गेल्यावर फुगून गच्च बसते. फुगण्याचा तेवढा एकच फायदा मला या वर्षी झाला.

उन्हाचंही सांगतो. मे महिन्यात दुपारी दोनला लिंबाच्या भिंतीला आतून हात टेकवता यायचा, छताच्या पत्र्याला बोटही लावता यायचं नाही. लाकडापेक्षा काँक्रीटमधून उष्णता साधारण दहापट सहज जाते, पोलादातून तीनशेपट. म्हणून पत्र्याखाली बांबूची तट्टी घालणार आहे. बांबू डिसेंबरमध्ये तोडायचा, पेरं आरपार भोसकायची आणि बोरॅक्स तीन भाग, बोरिक ॲसिड दोन भाग अशा पाण्यात दोन आठवडे बुडवायचा. हे औषध पावसात धुऊन जातं, त्यामुळे छताखालीच चालेल.

दार अजून घासतंय. घरचे रोज म्हणतात रंधा मार. सध्या मारणार नाही. आत्ता तासलं तर मे महिन्यात त्या फटीतून मांजर आत येईल.